केसभर फरक

आप्पा घोडक्यांच्या खिशात कायम एक काडेपेटी असे आणि तिच्यात काडी एकही नसे. तीन केस असत. एक बाईमाणसाचा, एक घोड्याच्या शेपटीचा आणि एक म्हशीच्या शेपटीचा. जगातली कुठलीही चूक आप्पा या तीन केसांनी मोजत. शेजाऱ्याची नवी चौकट कलली की "म्हशीचा केस". फोटोवाल्याने नवरा-नवरी जरा तिरके उभे केले की "घोड्याचा". बाईमाणसाचा केस ही मात्र शाबासकी होती. ती माझ्या आईच्या भाकरीला एकदाच मिळाली. "वहिनी, गोल हाय. बाईमाणसाच्या केसाचा फरक, तेवढा देवाच्या हातनं बी ऱ्हातो." आईने आनंदाने दुसरी भाकरी वाढली. आप्पांनी ती डोळ्यांसमोर धरली, "घोड्याचा" म्हणाले आणि खाल्ली.

तो केस कुठल्या बाईमाणसाचा, हे आम्ही कधी विचारलं नाही. आप्पांच्या घरात मी बाईमाणूस पाहिलेलं नाही.

आप्पा लष्करात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे हवालदार. निवृत्त झाल्यावर शिरूरला नदीकडच्या आळीत राहिले. केंदूरला त्यांची थोडी जमीन होती. भुईमुगात रानडुकरं शिरत, म्हणून परवान्याची एक रायफल होती. माझे वडील शाळेत भूगोल शिकवत. दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पाडली एका दुर्बिणीने.

वडिलांनी ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली होती, वर्गाला चंद्र दाखवायला. दिवेलागणीला वर्ग शाळेच्या गच्चीवर रांगेत उभा राहिला. पहिल्याच मुलीने डोळा लावला आणि विचारलं, "गुर्जी, चंद्रावर फुली कुणी मारली?"

दुर्बिणीच्या आत दोन काळ्या रेघा एकमेकींना छेदत होत्या. दुसऱ्या दिवशी वडील ती पिशवीत घालून आप्पांकडे गेले. रविवार होता. आप्पांनी एकदा आत पाहिलं, एकदा वडिलांकडे पाहिलं.

"मास्तर, ही चंद्राची न्हाई, बंदुकीची हाय. तुमच्याकडं दुर्बीण हाय आन् रायफल न्हाई. माझ्याकडं रायफल हाय आन् दुर्बीण न्हाई. बसा, च्या टाकतो."

वडील बसले, ते पुढची सात वर्षं दर रविवारी बसत राहिले.

काम ऐकायला सोपं होतं. रायफलीच्या पाठीवर एक लोखंडी पट्टी बसवायची, तिच्यावर दोन रिंगा घट्ट करायच्या आणि त्या रिंगांच्या कवेत दुर्बीण ठेवायची. पण रिंगांच्या पायांनी पट्टी धरली पाहिजे, पोटाने दुर्बीण धरली पाहिजे, आणि दोन्ही रिंगांची उंची एक हवी. रायफल विलायती, तिच्या पट्टीचं माप इंचात. दुर्बीण जर्मन, ती मिलिमीटरात. पाय जुळले तर पोट सैल, पोट जुळलं तर पाय लंगडे. दुसरं महायुद्ध संपून पंचवीसेक वर्षं झाली होती, पण शिरूरच्या त्या ओसरीवर ते अजून चालू होतं.

आप्पांनी सगळं करून पाहिलं. फटीत तंबाखूच्या पुडीचा चांदीचा कागद घातला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, सिनेमाचं तिकीट घातलं. एकदा तर दुर्बीण फडक्यात गुंडाळून ते कासाराच्या दुकानात गेले. बायका बांगड्या भरत बसल्या होत्या. आप्पा त्यांच्या रांगेत बसले. पाळी आल्यावर म्हणाले, "पितळी कडं दाखव, एकदम ल्हान."

"बाळाचं का, आप्पा?"

"बाळापरीस ल्हान."

"हात कुणाचा हाय?"

आप्पांनी फडकं सोडलं आणि दुर्बीण पुढे केली. कासार जुना माणूस. त्याने सवयीने ती मनगटासारखी धरली, दोन बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाला, "हाड मोठं हाय हिचं." बायका हसून हसून बेजार झाल्या. आप्पा मात्र गंभीरपणे दुर्बिणीला चार कडी घालून उठले. चारही म्हशीच्या केसाने सैल निघाली.

डुकरांना याचा फार फायदा झाला. दुष्काळाच्या वर्षी सकाळी सकाळी केंदूरचा वाटेकरी धावत आला. "आप्पा, सात डुकरं हायती शेंगांत. चला." रायफल तेव्हा शिकंज्यात आवळलेली होती. आप्पा कानशीने पट्टी घासत म्हणाले, "जरा थांबीव त्यास्नी. रिंगा काढल्यात."

"थांबिवतो की. च्या बी पाजतो," असं म्हणून वाटेकरी परत गेला आणि त्याने पत्र्याचा डबा बडवून डुकरं हाकलली. पुढे तो डबाच घेऊन असे. रायफलीने सात वर्षांत एकही डुक्कर मारलं नाही.

निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागत. तेव्हाही रविवार मोडत नसे. दोघे ठाण्याच्या बाकावर बसत, आप्पांच्या हातात रिंगा, वडिलांच्या पिशवीत दुर्बीण, आणि रायफल आत कुलपात. एकदा आप्पांनी फौजदारांना सांगितलं, "साहेब, तुमची भिंत घोड्याच्या केसानं कललीय." फौजदारांनी नंतर ओळंबा लावून पाहिली म्हणे.

वडिलांचं काम एकच. आप्पांनी रिंग उजेडासमोर धरून "केसभर" म्हटलं, की वडील विचारत, "कुणाच्या केसाने, आप्पा?" मग काडेपेटी उघडे. बाईमाणसाचा निघाला तर एका रविवारचं काम, घोड्याचा निघाला तर महिनाभराचं. म्हशीचा निघाला तर वर्ष गेलं समजायचं. मी एकदा वडिलांना म्हटलं, पुण्यात चांगला कारागीर पाहू. ते पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "घाई कसली आहे?"

गेल्या श्रावणात वडील अंथरुणाला खिळले. मी उशाशी वाचत बसे. एका दुपारी त्यांनी पुस्तक मिटायला लावलं. "ती दुर्बीण बसली की मला सांग हां." चार दिवसांनी ते गेले. स्मशानात आप्पा सगळ्यात मागे उभे होते. तिथूनच परस्पर घरी गेले आणि नंतर आमच्याकडे फिरकले नाहीत.

मला एवढं एकच काम सांगितलेलं होतं. मी दुर्बीण पिशवीत घातली आणि एसटीने दौंडला गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेले फर्नांडिस टर्नर तिथे घरामागे लेथ चालवत. आप्पांच्या रिंगा तेच कापून देत. मी म्हटलं, वाटेल तेवढा वेळ घ्या, पण यावेळी बरोबर करा.

फर्नांडिसांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे बाबा, बरोबर तर चार साल पहिले केल्या. तुझ्या वडिलांना ताप होता, आप्पा एकटाच आला, रायफल आणि दुर्बीण दोन्ही घेऊन. माझ्या समोर बसवली. एकदम फिट. मग काढली, रुमालात बांधली आणि बोलला, कुणाला बोलू नको. मला वाटलं, लायसनचं लफडं असेल."

परतीच्या गाडीत मी चार वर्षांचे रविवार मोजत बसलो.

रविवारी आप्पांकडे गेलो. ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. एकीवर आप्पा होते, दुसरीवरची धूळ नुकतीच पुसलेली दिसत होती. मी पिशवी पुढे केली. "ती बसवून टाका, आप्पा. वडिलांनी सांगितलं होतं."

आप्पा थोडा वेळ पिशवीकडे पाहत राहिले. मग आत जाऊन रायफल आणि ट्रंकेतला तंबाखूचा डबा घेऊन आले. तेलकट रुमालात दोन काळ्या रिंगा होत्या. मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्या पट्टीवर सरकल्या आणि जागच्या जागी थांबल्या. दुर्बीण त्यांच्यात उतरली. वरचे अर्धे भाग आले, स्क्रू फिरले. पाच मिनिटंही लागली नाहीत. आप्पांनी रायफल नदीकडच्या उजेडासमोर धरली. मीही वाकून पाहिलं. कुठूनही उजेड येत नव्हता.

बसली, मी मनातल्या मनात वडिलांना सांगितलं.

आप्पांनी त्याच तेलकट रुमालाने डोळे पुसले, त्यामुळे गालावर काळा पट्टा उठला. मग रायफल मांडीवर ठेवून हळूच माझ्याकडे पाहिलं.

"केसभर ऱ्हायलंय रं, बाळू."

दौंडचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी पुसलेल्या खुर्चीवर बसलो.

"कुणाच्या केसाने, आप्पा?"

आप्पांनी काडेपेटी उघडली. बाईमाणसाच्या केसावरून बोट पुढे गेलं, घोड्याच्या केसावरूनही गेलं.

"म्हशीच्या," ते म्हणाले आणि स्क्रू सैल करू लागले. "लई काम हाय, धाकलं मास्तर. पुढल्या रविवारी या. बसा आता, च्या टाकतो."