सातव्या प्रश्नाची लढाई

डॉक्टरांना युद्धातलं सगळं कळत होतं, फक्त युद्ध कधी पाहिलेलं नव्हतं. सशस्त्र बंड का पेटतं, कसं पसरतं, बंडखोर डोंगरच का धरतात आणि तह का मोडतात, यावर त्यांनी उशाला घेता येतील इतकी जाड पुस्तकं लिहिली होती. घरात झुरळ निघालं की मात्र ते खुर्चीवर चढायचे आणि बायको चप्पल घेऊन यायची. इमारतीतल्या लोकांना हे कसले डॉक्टर, हे नीटसं उमगलेलं नव्हतं. तळमजल्यावरचे काका एकदा दुखरा गुडघा घेऊन तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे आले होते.

"मी तो डॉक्टर नाही हो," डॉक्टर म्हणाले.

"मग कसले?"

"बंडखोरीचा."

काका गुडघा धरून तसेच जिना उतरले आणि पुढे बरेच दिवस डॉक्टर समोर आले की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

तर अशा या डॉक्टरांच्या विद्यापीठात प्राध्यापकाची एक जागा रिकामी झाली. जागेबरोबर आवारातला बंगला होता, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या बायकोने लग्नापासून त्या बंगल्यावरच डोळा ठेवला होता. त्यांच्या घरात ओट्यापाशी दोघं उभे राहिले तर एकाला श्वास रोखून धरावा लागायचा. निवड समितीचं म्हणणं मात्र सरळ होतं. पुस्तकं पुष्कळ झाली, आता प्रत्यक्ष संघर्षभूमीवर राहून केलेला एखादा अभ्यास दाखवा.

"मग जा ना कुठेतरी," बायको म्हणाली.

"कुठे जाऊ? तिथे गोळ्या चालतात."

"तुमचा विषयच तो आहे ना?"

"विषय वेगळा आणि जाणं वेगळं."

बायकोने हातातली पळी आपटली. "मग बसा इथेच. याच इमारतीचा करा अभ्यास. सहा मजले आहेत, माणसं आहेत, अजून काय लागतं तुम्हाला?"

बाई बिचारी वैतागून बोलली होती. पण डॉक्टरांचे डोळे जे चमकले, ते पाहून तिने पळी परत उचलली आणि भाजी ढवळायला लागली.

अडचण एवढीच होती की इमारतीत भांडण नावाला नव्हतं. तळमजल्यावरचे काका भल्या पहाटे उठायचे, म्हणून पंपाची किल्ली त्यांच्याकडे होती. सहाव्या मजल्यावरच्या दातवाल्या बाई कपडे वाळत घालणाऱ्यांना ओरडत नव्हत्या, म्हणून गच्चीची किल्ली त्यांच्याकडे होती. सगळं सुरळीत. दुसरा कुणी असता तर निराश झाला असता, पण डॉक्टर अभ्यासक होते. संघर्ष दिसत नाही याचा अर्थ तो सुप्त आहे, हे त्यांनी स्वतःच एका पुस्तकात सिद्ध करून ठेवलं होतं.

त्यांच्याकडे दूरच्या एका डोंगराळ मुलखासाठी बनवलेली प्रश्नावली तयार होती. त्यातलं 'खोरं' काढून त्यांनी 'मजला' घातला, 'नदी' काढून 'टाकी' घातली, आणि कागद घेऊन थेट तळमजल्यावर गेले. काकांनी आधी गुडघा मागे घेतला, पण चहा दिला. पहिले सहा प्रश्न गोडीगुलाबीत पार पडले. मग आला सातवा.

"वरच्या मजल्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाणी मिळतं, असं तुम्हाला किती काळापासून वाटतं?"

"मला कुठे वाटतं तसं?" काका म्हणाले.

"तसा पर्याय नाहीये यात. अलीकडे, बऱ्याच वर्षांपासून, किंवा पिढ्यान्‌पिढ्या. यातलं एक सांगा."

काकांनी कपातला चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. "म्हणजे जास्त मिळतं का त्यांना?"

"मी तटस्थ आहे, काका. मला ते सांगता येत नाही."

"अस्सं. म्हणजे मिळतं," काका म्हणाले. "लिहा, बऱ्याच वर्षांपासून."

शास्त्राचा नियम असा की दोन्ही बाजू ऐकायच्या. तेव्हा डॉक्टर लगेच सहाव्या मजल्यावर गेले. दातवाल्या बाईंचा दवाखाना घरातच होता आणि चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खुर्चीत आ वासून पडले होते. वरच्या मजल्यांसाठी सातवा प्रश्न थोडा वेगळा होता.

"खालच्या मजल्यांनी पंप आपल्या ताब्यात ठेवलाय. याबद्दल तुम्ही आजवर गप्प का राहिलात?"

"गप्प कशाला? काका लवकर उठतात म्हणून किल्ली त्यांच्याकडे आहे."

"ती त्यांना कुणी दिली?"

बाईंचा हात थांबला. "खरंच की. कुणी दिली?"

"मी फक्त विचारतोय."

खुर्चीतल्या गृहस्थांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तोंडातला कापूस निघाल्याबरोबर त्यांनी चौथ्या आणि पाचव्या मजल्यावर दारोदार जाऊन सगळं सांगितलं. गालाला भूल होती म्हणून निम्मं कळलं नाही, पण संताप पोचला.

तिथून पुढे सगळं पुस्तकात असतं तसं घडत गेलं. काकांनी बचतीच्या नावाखाली पंप अर्ध्यातच बंद करायला सुरुवात केली. वरच्यांनी उत्तरादाखल गच्चीला नवं कुलूप लावलं आणि टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याची तोटी आवळली. खालच्यांचे ओले कपडे जिन्याच्या कठड्यावर वाळू लागले, वरचे येता-जाता त्यांना मुद्दाम कोपर लावून पाडू लागले. लिफ्टचं मुख्य बटण तळमजल्यावर होतं. ते कुणीतरी बंद केलं, आणि दातवाल्या बाईंचे पेशंट सहा जिने चढून वर पोचेपर्यंत दात विसरून छाती धरू लागले. काल-परवापर्यंत एकमेकांकडून विरजण नेणारे लोक जिन्यात भिंतीकडे तोंड करून जाऊ लागले.

डॉक्टरांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. त्यांचं टिपण फुगत चाललं. संशोधनाच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी जागेचं नाव गुप्त ठेवलं होतं. इमारतीचा 'क प्रदेश' झाला, गच्चीचं 'उत्तरेकडचं पठार' झालं.

"आणि आपण कुठे बसतो यात?" बायकोने विचारलं.

"आपण मधले. याला बफर म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे खालचे आपल्याला वरचे समजतात आणि वरचे खालचे."

"म्हणजे दोन्हीकडून पाणी बंद," बायको म्हणाली. "अहो, हे तुम्ही केलंत."

"मी फक्त नोंद घेतली."

"नोंद घ्यायला आधी काही होतं का इथे? चांगली नांदती माणसं होती. काकांनी मागच्या महिन्यात आपला सिलिंडर वर आणून दिला होता."

हे डॉक्टरांना लागलं. नाही असं नाही. पण समितीची मुलाखत तोंडावर आली होती, आणि शेवटचं प्रकरण राहिलं होतं. शांतता प्रस्थापित झाल्याशिवाय अभ्यासाला शेवट येत नव्हता. त्यांनी बायकोला सांगितलं, "लावलं तसं मीच मिटवतो. तहाच्या वाटाघाटींवर माझं एक अख्खं पुस्तक आहे."

दोन्ही पक्षांना तिसऱ्या मजल्यावर बोलावणं गेलं. काका आले, दातवाल्या बाई आल्या, दोघांमागे आपापले मजले जिन्यात उभे राहिले. पहिला घोळ टेबलावरून झाला. टेबल लांबट होतं, तेव्हा डोक्याशी कोण बसणार यावर बराच वेळ गेला. डॉक्टरांनी गोल टेबलाचा इतिहास सांगायला घेतला. तेवढ्यात बायकोने टेबल ओढत बाहेर नेलं, सतरंजी टाकली आणि म्हणाली, "बसा गुमान."

दोघं बसले. काकांना गुडघ्यामुळे खाली बसताना त्रास झाला, तर दातवाल्या बाईंनी नकळत हात दिला. मग दोघांनाही ते लक्षात आलं आणि दोघंही छताकडे पाहू लागले.

"वर्षानुवर्षं तुम्ही आमचं पाणी वापरलंत," काका म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? आणि तुम्ही ती किल्ली कुणाला विचारून ठेवलीत?"

"तुम्हीच दिलीत की. तुमच्या मुलीच्या बारशाच्या दिवशी. पहाटे कोण उठणार म्हणून तुम्ही स्वतः माझ्या हातात ठेवली."

बाईंनी बोटांवर मुलीचं वय मोजलं. मग हळूच म्हणाल्या, "हो की. मग मला असं का वाटलं? मला डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही गप्प का राहिलात. मी म्हटलं, अरे, मी गप्प राहिले म्हणजे काहीतरी असणार."

"मला विचारलं, किती काळापासून वाटतं. 'वाटत नाही' असं उत्तरच नव्हतं त्यात."

दोघांनी मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं. जिन्यातले मजलेही दारातून आत डोकावले. बायकोने चहा आणला. काकांना दिला, बाईंना दिला, दारातल्या लोकांनाही पुरवला. ट्रे रिकामा घेऊन ती डॉक्टरांसमोरून आत गेली.

त्यानंतर तह व्हायला चहा संपण्याइतकाच वेळ लागला. डॉक्टर भराभरा लिहून घेत होते. दोन्ही बाजूंनी पंप चालू, गच्ची खुली, लिफ्ट सगळ्यांसाठी. शेवटच्या कलमाशी मात्र त्यांचा पेन अडखळला. डॉक्टर इमारत सोडून जाईपर्यंत त्यांना पाणी नाही आणि लिफ्ट नाही. बायकोने अंघोळीला दातवाल्या बाईंकडे जावं, तिचा यात काही दोष नाही.

"हे एकतर्फी आहे," डॉक्टर म्हणाले.

"छे हो," काका म्हणाले, "दोन्ही बाजूंनी आहे."

साक्षीदार म्हणून बायकोने सही केली. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणायचात ना, तहाला तटस्थ साक्षीदार लागतो."

मुलाखतीपर्यंतचे दिवस डॉक्टरांनी बागेतल्या नळावरून बादल्या वाहण्यात घालवले. अंघोळ जमली नाही. दाढीला पाणी पुरेना, शर्टाचा रंग नेमका कोणता होता हे बायकोलाही आठवेना. मुलाखतीच्या सकाळी तिसऱ्या जिन्यावर पाय घसरला, बादली एकीकडे आणि डॉक्टर दुसरीकडे. दातवाल्या बाईंनी माणुसकी म्हणून त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली. मग लगेच दार लावून घेतलं. कपडे बदलायला वेळ नव्हता. डॉक्टर तसेच लंगडत विद्यापीठात पोचले.

बाहेर बाकावर दुसरा उमेदवार बसला होता. कडक इस्त्री, हातात चकचकीत फाईल. डॉक्टरांना पाहून त्याने फाईल छातीशी धरली. आपलं संपलं, असं डॉक्टरांना वाटलं. ते आत गेले, आणि समितीचे अध्यक्ष खुर्चीतून उठून उभे राहिले.

"तुम्ही क प्रदेशातून थेट आलात?"

"हो. थेट."

"बसा. आधी बसा. पाण्याची काय परिस्थिती आहे तिथे?"

"बंद केलंय."

"कुणी?"

"दोन्ही बाजूंनी मिळून."

समितीत कुजबुज झाली. एका सदस्याने चष्मा काढून पुसला. "आणि ही जखम?"

"पाणी आणताना झाली."

"बाहेर पडायला वाट?"

"एकच आहे. तीही पायी."

"स्थानिक लोकांचा विश्वास कसा मिळवलात?"

"तो नाही मिळाला," डॉक्टर म्हणाले. काकांनी आणलेला सिलिंडर त्यांना आठवला होता.

क प्रदेश म्हणजे आमची इमारत, हे सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मग ओट्यापाशी श्वास रोखून उभी असलेली बायको डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी ते मिटलं. समितीला ही शांतता फार भावली. अभ्यास कुणी उघडलाही नाही. युद्धावर आयुष्य घालवलेल्या त्या मंडळींनी युद्धावरून आलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला होता.

"जागा तुमची," अध्यक्ष म्हणाले.

डॉक्टरांनी व्हरांड्यातून बायकोला फोन केला. "मिळाली," एवढंच ते म्हणाले, आणि पलीकडे ती फोन हातात घेऊनच शेजारणींना बंगल्याची बातमी सांगायला धावल्याचं त्यांना ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. तेवढ्यात अध्यक्षांनी परत आत बोलावलं.

"एक राहिलं. बंगल्यात बसून तुमच्यासारखा माणूस वाया जाईल. तो आम्ही त्या बाहेरच्या गृहस्थांना देतोय, दुय्यम पदावर. त्यांना बसायचीच सवय दिसते. विद्यापीठ क प्रदेशात कायमचं केंद्र काढणार आहे. तुम्ही तीन वर्षं तिथेच राहा. जमेल ना?"

आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

डॉक्टर घरी पोचले तेव्हा सगळी इमारत खाली जमली होती. काकांच्या हातात फुलांचा गुच्छ होता. लिफ्टचं दार दातवाल्या बाईंनी स्वतः धरून ठेवलं होतं. बायको ठेवणीतली चांगली साडी नेसून मधोमध उभी होती आणि शेजारणी तिला बंगल्यात खोल्या किती ते विचारत होत्या.

"झालं गेलं विसरा, डॉक्टर," काका म्हणाले. "तुम्ही जाताय म्हटल्यावर आम्ही एकमताने पाणी सोडलंय. टाकी भरून वाहतेय. आता मनात काही ठेवू नका."

डॉक्टरांनी गुच्छ घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बायकोजवळ सरकले आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "अगं, थोडं बोलायचं होतं. बंगल्याबद्दल."

बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं. मग सगळ्यांकडे बघून हसली, गुच्छ त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांना लिफ्टमध्ये ढकललं.

"आत्ता कुणाशी काही बोलू नका," ती म्हणाली. "आधी वर जाऊन अंघोळ करून घ्या."