शेंदूर फासलेला स्क्रू

एका जंगलात, बाळांनो, एक इंजिन होतं. सिंह नव्हता. सिंह रंगवायला घेतला असेल तर खडू खाली ठेवा.

इंजिन खाली दरीत होतं, नदीकाठी. पेट्रोलवर चालायचं आणि नदीचं पाणी वर पठारावरच्या टाकीत चढवायचं. ज्यांना दरी उतरवत नव्हती ते सगळे त्या टाकीवर जगत होते. तानूबाई साळिंदर त्यांतलीच. तिचा मागचा पाय सापळ्यात गेला होता. उरलेल्या तीन पायांवर ती टाकीपर्यंत जायची, पाणी प्यायची आणि खालच्या इंजिनाला हात जोडायची.

हे इंजिन थोरल्या गव्यांनी बसवलं होतं. थोरले गवे वारले. पण जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या खुरानं एक स्क्रू फिरवून ठेवला होता. इंजिनात ठिणगी कधी पडावी, ते त्या स्क्रूवर ठरतं. त्यांच्या माघारी मंडळींनी त्या स्क्रूला शेंदूर फासला. दर दसऱ्याला नवा थर. त्याला हात लावायचे नाहीत, फक्त जोडायचे.

आता थोरल्या गव्यांच्या काळचं पेट्रोल वेगळं होतं. आत्ताचं हलकं. ते वेळेआधीच भडकायचं. पिस्टन बिचारा अजून वर येतोय, आणि स्फोट त्याच्या डोक्यात. खण्ण! वर येणाऱ्याच्या डोक्यात हाणायची रीत जंगलात जुनीच होती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवा, बाळांनो. तसा आवाज यायचा. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. मंडळी त्याला दम म्हणायची.

"ऐका, ऐका, काय दम आहे इंजिनात!" असं म्हणणारे धाकटे गवे म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव. वय पुष्कळ, शिंगं त्याहून मोठी, इंजिन मंडळाचे अध्यक्ष. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत.

तानूबाईची मुलगी हौसा. तिनं शाळा सोडली होती. शाळेत इंजिनाचं चित्र काढायला लावायचे, आणि इंजिन बघायला गेलं की गैरहजेरी मांडायचे. हौसा दिवसभर दरीत असायची. तोंडानं फटकळ. अंगावरचे काटे त्या मानानं मऊ.

इंजिन चालवायला गणपाकाका नावाचा रानडुक्कर होता. हौसा त्याला म्हणाली, "काका, हे ठोकतंय. एक दिवस पिस्टनला भोक पडेल."

"आवाज येतोय ना? मग चालतंय. आवाज थांबला की बोल."

ती आबासाहेबांकडे गेली.

"तुला ऐकू येतं आणि आम्हाला नाही?" आबासाहेब म्हणाले. "आमचे कान बघ आणि तुझे बघ, पोरी."

हौसाला कळलं की इथं कानाची किंमत कानाच्या मापावर आहे. मग तिनं ठरवलं, एक यंत्र करायचं. यंत्राला निदान कुणी वय विचारत नाही.

सहलीला आलेली माणसं जंगलात काय काय टाकून जातात. त्यांत एक पिपाणी वाजवणारं खेळणं होतं. त्याच्या पोटात पितळेची पातळ चकती निघाली. ती हादरली की तिच्यातून किंचितशी वीज निघते. हौसानं चकती इंजिनाच्या अंगाला बोल्टनं आवळली. वायर पेटीत नेली. पेटीत फुटक्या रेडिओचा ॲम्प्लिफायर, आणि वर लाल दिवा. इंजिन ठोकलं की दिवा लागणार.

दिवा लागला. सुतारपक्ष्यानं झाडावर चोच मारली तरी लागला. आबासाहेब खाकरले तरी लागला.

"अरे, हा तर मला सलाम करतोय!" आबासाहेब म्हणाले. मंडळी पोट धरून हसली.

हौसानं त्यांच्यादेखत पेटी दगडावर आपटली. मग पुन्हा सगळं गोळा करत हिंडावं लागलं. राग महागात पडतो, बाळांनो. तरी येतो.

दुसऱ्या खेपेला तिनं पेटीत चाळणी बसवली. पिठाची नव्हे, आवाजाची. इंजिनाच्या नॉकिंगची एक ठरावीक पट्टी असते. तेवढाच आवाज आत घ्यायचा, खाकरणं बाहेर. शिवाय एक छोटा स्क्रू ठेवला. आवाज किती झाला की दिवा लागावा, ते त्यावर ठरायचं.

पण तो स्क्रू लावायचा कुठं? त्यासाठी इंजिन न ठोकता कसं चालतं ते एकदा ऐकायला हवं होतं. तसं ते जंगलात कुणीच ऐकलं नव्हतं.

दुपारी मंडळी जेवून लवंडली. हौसानं पाठीचा एक काटा उपटला आणि थोरल्यांच्या स्क्रूवरचा शेंदूर खरवडला. थरावर थर. खाली एकदाचा स्क्रू सापडला. ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून तिनं तो केसभर मागे घेतला.

खण्ण थांबलं.

तिनं पेटीचा स्क्रू दिवा विझेपर्यंत फिरवला. थोरल्यांचा पुढे केला, दिवा लागला. मागे घेतला, विझला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पेटी जुळली. ठिणगी योग्य जागी ठेवून ती धावत वर गेली.

तानूबाई टाकीपाशीच होती. म्हणाली, "आज पाणी उचक्या न देता येतंय गं."

संध्याकाळी सभा बसली. पाण्यावर नव्हे, शेंदरावर.

"कुणी खरवडला?" मंडळाचे चिटणीस भिकाजीपंत वानर शेपटी आपटत म्हणाले.

"मी. इंजिन किती शांत चाललंय, ऐका तरी."

"शांत?" आबासाहेब उठले. "दम काढून घेतलास त्याचा! आमच्या वडिलांपेक्षा शहाणी झालीस?"

"तुमच्या वडिलांचं पेट्रोल संपलंय, आबासाहेब. त्यांच्याबरोबरच संपलं. आता तुम्ही नुसता स्क्रू पुजताय."

सभेत एकच कल्ला. थोरल्यांचा स्क्रू पुन्हा जागेवर नेला. प्रायश्चित्त म्हणून किंचित पुढेच. शेंदूर दुप्पट. हौसाला दरीत यायची बंदी.

पेटी मात्र ठेवून घेतली. तिच्याबरोबर मंडळींचे फोटो फार छान येत होते.

दसरा आला. शेजारच्या जंगलातले पाहुणे आले. इंजिन खणखणत होतं, आणि पेटीवर लाल दिवा ढणढणत होता.

"हा दिवा कसला हो?" पाहुण्यांनी विचारलं.

आबासाहेबांनी भिकाजीपंतांकडे बघितलं. भिकाजीपंतांनी पेटीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आबासाहेब, ह्याला पण एक स्क्रू आहे! आणि ह्याला शेंदूर नाही!"

"मग बघताय काय? फिरवा."

फिरवला. दिवा मिणमिणला. आणखी फिरवला. विझला.

"झालं की दुरुस्त!" आबासाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. भिकाजीपंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. वर कड्यावरून हौसा बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "अरे, पेटी नाही, इंजिन! इंजिन!" पाहुण्यांना वाटलं, जयजयकार चाललाय.

त्यानंतर इंजिन जास्तच ठोकू लागलं. गणपाकाकाला कधी कधी शंका यायची. मग तो दिव्याकडे बघायचा. दिवा विझलेला. तो निवांत व्हायचा.

ऐन चैत्रात पिस्टनला भोक पडलं. गणपाकाका शब्दाचा पक्का. त्यानं कड्याकडे तोंड करून हाक दिली, "हौसे, आवाज थांबला गं! आता बोल!"

चौकशी झाली. भिकाजीपंतांनी निष्कर्ष वाचला : शेवटपर्यंत दिवा लागला नाही, म्हणजे पेटी खोटी, म्हणजे हौसा दोषी.

"दिवा लागला असता तर आम्ही थांबलो नसतो का?" आबासाहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते नदीकाठीच राहायचे. बोलून झाल्यावर पोटभर पाणी प्यायले.

टाकी आटली. तानूबाई म्हणाली, "चल, उतरू हळूहळू." साळिंदराला कुणाला पाठीवर घेता येत नाही, बाळांनो. हौसा पुढं, आई मागं, तीन पायांवर. अर्ध्या वाटेत आई दगडाला टेकून बसली. "तू आण जा. मी इथंच आहे."

हौसा खाली धावली. करवंटीत पाणी घेतलं. वर येताना फार सांडलं, पण घोटभर उरलं होतं. ती पोचली तेव्हा आई तिथंच होती. डोळे वाटेकडे. उघडे. त्या घोटाचा आता उपयोग नव्हता.

त्याच संध्याकाळी दरीत शोकसभा झाली. इंजिनाची.

आबासाहेब गहिवरले. म्हणाले, "शेवटपर्यंत एका शब्दानं तक्रार केली नाही हो त्यानं." मग सगळ्यांनी मिळून पेटीच्या स्क्रूलाही शेंदूर फासला. दिवा विझलेला होता, तो तसाच राहावा म्हणून.

तात्पर्य : बाळांनो, मोठ्यांचं ऐकावं. इंजिनाचं ऐकू नये. खडखड सुरू असते तोवर तिचा कुणीच धनी नसतो. पण ती ऐकू आली असं जो सांगतो, त्याच्या नावावर ती कायमची चढते. तेव्हा कान असतील तर झाका, दिवा असेल तर विझवा, आणि जमलंच तर नदीकाठी जन्माला या.