शटर ऐकायचं होतं

उत्तनच्या कॅजिटनने ऑफिसात सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "रविवारी आमच्या जोआनचं लगीन हाय. फोनवर काय, सगळेच फोटो काढतात. दिपेश, तू तुझ्या पप्पांच्या त्या रोलवाल्या कॅमेऱ्यानं काढ."

दिपेशने छाती फुगवून होकार दिला. घरी येऊन कॅमेरा हातात घेतल्यावर छाती पूर्ववत झाली. कॅमेरा पप्पांच्या, म्हणजे दशरथअण्णांच्या तरुणपणातला, बॅटरीशिवाय चालणारा, आत नुसती चाकं आणि स्प्रिंगा. चर्चमध्ये उजेड कमी, फादरना फ्लॅश चालत नाही, म्हणजे शटर सावकाश उघडून मिटायला हवं. पण या वयात ते किती सावकाश मिटतंय, हे कोण सांगणार? अंदाज चुकला तर आख्खं लग्न काळंकुट्ट यायचं, आणि फोटोसाठी जोआन काही पुन्हा लग्न करणार नव्हती.

त्याला इंटरनेटवर उपाय सापडला. फोन कॅमेऱ्याला चिकटवून शटरचा आवाज रेकॉर्ड करायचा. पडद्यावर दोन टोकं दिसतात, एक उघडल्याचं, एक मिटल्याचं. मधलं अंतर मोजलं की झालं.

शनिवारी दुपारी त्याची बायको क्षितिजा भाजी आणायला गेली. अण्णा सकाळपासूनच कुठेतरी बाहेर होते. दिपेशने बटण दाबलं. पडद्यावर दोन टोकांऐवजी करवतीचं पातंच उमटलं. त्याने पंखा बंद केला. मग फ्रीज बंद केला. तरी करवत तशीच. वरच्या मजल्यावर हंसाबेनचा मिक्सर फिरत होता.

घामाने निथळत, बनियनवर, अनवाणी तो वर धावला. स्क्रीनकडे बघून बघून डोळे लाल झाले होते.

"हंसाबेन, थोडा टाइम मिक्सर बंद रखेंगे? घर में एकदम शांती चाहिए."

"अरे, क्या हुआ दिपेशभाई?"

"पप्पा का है ना... बहुत पुराना है. रुक रुक के चलता है. बराबर खुलता-बंद होता है क्या, वो सुन रहा हूँ."

हंसाबेननी छातीवर हात ठेवला. "डॉक्टर को बुलाया?"

"अब इसका डॉक्टर मिलता कहाँ है? मैं ही मोबाइल लगाके देख रहा हूँ. कल का दिन निकल जाए, बस. उसके बाद बंद पड़ा तो पड़ा."

हंसाबेननी मिक्सरचा प्लगच काढला आणि सोसायटीच्या चेअरमनना फोन लावला.

दिपेश खाली आला तर काय, चमत्कारच! शेजारचा सुतार आपणहून थांबला. खाली पोरांचं क्रिकेट बंद. कुठेतरी कुकरची शिट्टी होता होता दबली. पडद्यावर दोन सुबक टोकं उभी राहिली. अर्धा सेकंद अर्धाच निघाला, पाव सेकंद थोडा आळशी, पण सांभाळून घेता येण्याजोगा. जोआनचं लग्न वाचलं!

खुशीत तो गॅलरीत आला आणि चमकला. खाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमत होती.

'बिल्डिंगमध्ये कोणीतरी गेलं वाटतं,' असं म्हणत त्याने कपाटातून पांढरा कुर्ता काढला.

खाली चेअरमननी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "धीर धरा."

"तुम्हीही धरा," दिपेश गंभीरपणे म्हणाला.

तेवढ्यात क्षितिजा फाटकातून आत शिरली. कोणीतरी तिच्या हातातली मेथीची पिशवी काढून घेतली आणि हंसाबेननी तिला मिठी मारली. "रो ले बेटा, रो ले."

खांद्यावरून डोकं वर काढून तिने दिपेशला विचारलं, "कोण गेलं रे?"

"माहीत नाही. असं विचारणं बरं दिसत नाही."

चेअरमन घसा खाकरून पुढे झाले. इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली. दशरथअण्णा उतरले, गर्दी पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून मागे उभे राहिले. पुढे सगळ्यांच्या माना खालीच होत्या.

"असा माणूस पुन्हा होणे नाही," चेअरमन म्हणाले. "सोसायटीचा आधारच गेला. मीटिंगमध्ये आमचे वाद व्हायचे. पण आज कबूल करतो, पार्किंगच्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं. लिफ्टच्या बाबतीतसुद्धा दशरथराव..."

हंसाबेननी डोळे पुसायला मान वळवली आणि किंचाळल्या. सगळ्यांनी मागे पाहिलं. चेअरमनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"अण्णा?" दिपेश पुटपुटला. त्याला अजूनही काही कळलं नव्हतं. "तुम्ही... कोणाकडे आलात?"

अण्णांना मात्र सगळं कळलं. त्यांनी शांतपणे टोपी घातली, वॉचमनची खुर्ची ओढली आणि चेअरमनच्या बरोबर समोर बसले.

"थांबलात का?" ते म्हणाले. "लिफ्टचं राहिलंय. बोला, सावकाश बोला. मी मध्ये बोलणार नाही."