गजभियेजींची मतपेटी

चहा की लिंबू सरबत, हे ठरवायलासुद्धा गजभियेजींना गुप्त मतदान लागतं. आमच्या युनियनच्या ऑफिसात हात वर करून काही मंजूर झालं की त्यांना ठसकाच लागतो. "हात आपला राहते भैया, पण मत शेजाऱ्याच्या भीतीचं राहते," असं त्यांचं म्हणणं.

कारखान्यातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमचे निवडणूक अधिकारी तेच. गोहलपुरातल्या घरून तेलाच्या डब्याची पेटी सायकलला बांधून आणतात. आडोशाला बायकोची जुनी साडी. मोजताना कोणाचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चष्मा काढून ठेवतात. मग त्यांना चिठ्ठ्याच दिसत नाहीत, म्हणून त्या मी वाचायच्या, आणि मी अक्षर ओळखलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, होत्या तेव्हा त्यांच्या घरी भाजीसुद्धा मतदानाने ठरायची. मतदार दोघंच. तरी वांग्याला मत कोणी दिलं, हे या गृहस्थाने शेवटपर्यंत विचारलं नाही.

यंदा तरुण मंडळींनी ठराव आणला, यापुढे मतदान मोबाइलवर. त्यावरही गुप्त मतदान घ्यायचं, तेही गजभियेजींनीच. त्यांचा चेहरा एवढासा झाला. पेटी गेली की त्यांना इथे यायचं निमित्तच उरणार नव्हतं. आम्ही आपसांत बोललो आणि ठराव आणणाऱ्यांसकट सगळ्यांनी पेटीलाच मत द्यायचं ठरवलं.

निकाल लागला. सगळी मतं पेटीला, एक मोबाइलला.

झालं. गद्दार कोण? जो तो आईची शपथ घेऊन आपलं मत उघड करू लागला. चहावाल्याला मतच नाही, तरी त्यानेही शपथ घेतली. गजभियेजी "गुप्त, गुप्त" म्हणत राहिले, ऐकतो कोण? शेवटी त्यांनी चष्मा लावला.

"ते मत माह्यं होतं. आजीव सदस्य आहो ना मी. आपली मेंबर शीलादीदी पाय मोडून घरी पडून आहे, तिनं पेटीपर्यंत कसं यावं? पण तुमी सगळे पेटीच्या बाजूनं काहून?"

सगळे जमिनीकडे बघत होते. गजभियेजींना कारण कळलं असावं. त्यांनी आडोशाची साडी काढली आणि हळूहळू घडी घालत बसले.

"घरी करमत नाही, हे तर मी कोणालेच सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.