दहा ते सहा वजा

सरकारी सवलत घेतली की मूल रोज दहा ते सहा वजा होतं, आणि कंपनीचं कूपन घेतलं की तेवढ्या वेळापुरतं ते कंपनीचं होतं. दोन्हींपैकी एकच घेता येतं, आणि एकदा घेतलं की दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. नोकरी करणाऱ्या आयांना पाळणाघर परवडत नाही म्हणून ही सोय केलेली आहे. सोय चांगलीच आहे, मी नावं ठेवत नाही. पण आमची आभा दोन वर्षांची झाली, तिला सांभाळणारी माझी आई गुडघ्याचं ऑपरेशन करून भावाकडे राहायला गेली, आणि ठरवायची पाळी माझ्यावर आली.

मी सातपूरला कुकरच्या शिट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. शिट्टी वाजते की नाही हे मी तपासते. दिवसभर ऐकून ऐकून कान किटतात, आणि घरी आल्यावर आभा बोलायला लागली की तेच कान टवकारतात. तिला तेव्हा रोज एक नवा शब्द यायचा. कधी 'काऊ', कधी 'नको', एकदा तर 'अरे देवा', ते माझ्या आईचं. उद्या कुठला शब्द येणार यावर मी आणि माझा नवरा नंदकिशोर पैज लावायचो. खरं सांगते, मला दुसरं काही नको होतं. ते शब्द यायचे थांबू नयेत आणि ते आमच्या घरातले असावेत, एवढंच.

मी रजा काढली आणि सवलत कशी असते ते बघायला समोरच्या देवरेवहिनींकडे गेले. त्यांचा चिन्मय पहिल्यापासून सवलतीवर आहे. तो पोळी खात होता. दहा वाजले आणि तो घासासकट वजा झाला.

"संध्याकाळी इथेच जमा होतो, तोच घास चावत," वहिनी ताट उचलत म्हणाल्या. "दिवसभर ताप नाही, शेंबूड नाही, रडारड नाही. मी निवांत शाळेत शिकवायला जाते."

"आणि त्याला मधलं काही आठवतं का?"

"मधलं काही नसतंच ना."

चिन्मयच्या बरोबरीची मुलं आता वहिनींच्याच वर्गात जोडाक्षरं गिरवतात. त्याला मात्र जुने कपडे अजून होतात. "कपड्यांचं तेवढं वाचतं," वहिनी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "परवा त्याने आई म्हणायला तोंड उघडलं. 'आ' सकाळी ऐकला, 'ई' संध्याकाळी." मी चहा पिऊन निघाले.

मग रविवारी पॅकिंगमधल्या कुंदाताईंकडे गेले. त्यांचा ओजस चार वर्षांचा, कूपनवर आहे. त्याने दार उघडलं आणि माझं काय काम आहे ते विचारलं. कुंदाताईंनी लाडू आणले. त्याने एक उचलला, फिरवून पाहिला, "बेदाणा नाही. रिजेक्ट," असं म्हणून बाजूला ठेवला.

"हुशार आहे हो," कुंदाताई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात बढती झाली त्याची. मोठ्या गटात गेला. आता कधी कधी रविवारीही बोलावतात."

"मॅडम, पाणी," ओजस म्हणाला. तो आईलाच म्हणाला.

"आडनाव अजून आमचंच लावतो," कुंदाताई म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या.

घरी येऊन मी नंदकिशोरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." हे वाक्य पुरुष बहुतेक लग्नाआधी पाठ करून येतात. मी म्हटलं, मला दोन्ही योग्य वाटत नाही. तो म्हणाला, मग जे कमी अयोग्य असेल ते. आभा मध्ये बसून आमटी भाताबाहेर काढत होती. त्या दिवशीचा तिचा शब्द होता 'सांडलं'. शब्द थांबवायचा की कंपनीला द्यायचा, एवढंच मला ठरवायचं होतं.

अर्ज करायच्या शेवटच्या दिवशी मी सवलतीच्या कचेरीत गेले. म्हटलं, उशिरा का होईना, पण शब्द आमचेच राहतील. खिडकीत गांगुर्डे नावाचे कारकून होते. अत्यंत सभ्य माणूस.

"मुलीचं नाव?"

"आभा नंदकिशोर खैरनार."

"वजा काय करायचं?"

हा काय प्रश्न झाला? मुलीशिवाय काय असणार? पण तेवढं म्हणायला माझी जीभ उचलेना. तेवढ्यात फोन वाजला. आमचे पिंगळेसाहेब होते, कंपनीत माणसांचं बघतात ते.

"मॅडम, आज शेवटचा दिवस आहे, कूपनच घ्या," ते म्हणाले. "मुलगी आमचीच समजा."

माझं डोकंच फिरलं. "पिंगळेसाहेब," मी म्हटलं, "तुमची ती कंपनी घाला चुलीत."

गांगुर्डेंनी लिहून घेतलं. "चुलीत घालता येणार नाही," ते म्हणाले, "फक्त वजा होईल. कंपनी, दहा ते सहा, उद्यापासून."

"अहो, मी फोनवर बोलत होते."

"खिडकीसमोर बोललात ना."

"पण वजा मूल करतात."

"नियमात मूल असं कुठेच नाही. घरच्यांना दिवसा एकत्र राहू न देणारी बाब, असं आहे. लोक मूल सांगतात, आम्ही मूल लिहितो."

"मग मला बदलून द्या."

"देतो की. बदलायला, जे वजा होतंय त्याची संमती लागते. कंपनीला उद्या दहा ते सहाच्या मध्ये इथे घेऊन या."

"पण तेव्हा कंपनी वजा असेल."

गांगुर्डेंनी खरोखर विचार केला. "मग अवघड आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या बाईंना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली आणि आभाला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तिला घेऊनच मी कामावर गेले. गेटवरच्या वाघचौरेमामांच्या हातात तिला दिलं आणि आत जाऊन पंच मारून आले, मग तिला परत घेतलं. म्हटलं, आता पिंगळेसाहेबांच्या हातापाया पडून हिला आत न्यावं. साहेब गेटच्या आतल्या बाजूला उभे होते, मी बाहेर.

"मॅडम, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "मुलीला कूपन नसेल तर—"

दहा वाजले. साहेब, गेट, शेड, धुराडं, कुकरच्या आकाराची पाटी, सगळं वजा झालं. मागे मोकळी जमीन राहिली. चार बाभळी, एक बोरीचं झाड, आणि थेट डोंगरापर्यंत काहीच नाही. वाघचौरेमामा गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होते म्हणून वाचले. त्यांनी बघितलं आणि आणखी अर्धा चहा सांगितला.

आभा माझा हात सोडून बोरीकडे पळाली. दुपारपर्यंत तिने 'बोर' म्हटलं, 'काटा' म्हटलं आणि मुंगळ्याला 'बाबा' म्हटलं. एका दिवसात तीन शब्द. मी बाभळीखाली बसून ते ऐकले आणि थोडी रडले. मामांनी दुसरीकडे बघितलं.

सहाला कंपनी जमा झाली.

"—तर आत घेता येणार नाही," पिंगळेसाहेब म्हणाले.

"राहू द्या साहेब. सहा वाजले, पंच मारून निघतेच."

त्यांनी घड्याळ बघितलं. "वाजले पण? दिवस कसा गेला कळलंच नाही."

हळूहळू सगळ्यांना कळलं. माणसं लवकर येऊन पंच मारायची आणि चहाच्या निमित्ताने बाहेर पडायची. सहाला परत आत जाऊन दुसरा पंच. हजेरीत खोट नाही. शिट्ट्या रात्रपाळी बनवतच होती, आणि दिवसा किती बनल्या हे विचारायला दिवसा कोणी नव्हतं. पिंगळेसाहेब तेवढे रोज आत असायचे. ते कामाला फार पक्के. त्या महिन्यात एक भांडण नाही, एक अपघात नाही, चहाचा खर्च नाही, म्हणून वरून त्यांचं कौतुक झालं.

कुंदाताई ओजसला कंपनीच्या पाळणाघरातून रोज चहाला म्हणून बाहेर आणायच्या. पहिल्या दिवशी त्याने सगळी बोरं रिजेक्ट केली. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायात काटा गेला आणि तो "आई गं" म्हणून कळवळला. कुंदाताई काटा काढायचंच विसरल्या. "ऐकलंत का?" असं त्या सगळ्यांना विचारत फिरल्या, आणि काटा शेवटी वाघचौरेमामांनी काढला.

असेच चार-सहा महिने गेले. एका संध्याकाळी कंपनी जमा झाली आणि पिंगळेसाहेब माझ्याकडेच बघत होते. आभा माझं बोट धरून उभी होती.

"मॅडम, एक प्रश्न आहे," ते म्हणाले. "हिला कूपन नाही. ही वजाही होत नाही. मग दिवसभर कोण कोणाला सांभाळतं, त्याची आमच्याकडे नोंद हवी."

मी घाबरले. खरं सांगावं तर सगळ्यांचाच चहा बंद होणार. मी काही जुळवायच्या आत आभाने तोंड उघडलं. तिला आता वाक्यं यायला लागली होती.

"आईला मी सांभाळते," ती म्हणाली.

पिंगळेसाहेबांनी मान हलवली. त्यांना हे पटलं. "असं होय. मग आधी बोलायचं ना," ते म्हणाले आणि आत गेले.

पहिल्या तारखेला कूपन आलं, माझ्या सांभाळाचं, आभाच्या नावावर. मी ते तिच्या हातात दिलं. तिने ते फिरवून पाहिलं आणि खाल्लं.