डुलुथभोवतीचं वर्तुळ

मारेन टॉलेफसनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिनेसोटाचा नकाशा पसरला, डुलुथवर कंपासचं टोक रोवलं आणि गर्रकन एक वर्तुळ काढलं. गाडीने तीन तासांत घरी पोहोचता येईल, तेवढंच तिचं जग. वकिलीची पदवी मिळाली की वर्षभर एखाद्या न्यायाधीशांच्या हाताखाली निवाड्यांचे मसुदे लिहायचे, म्हणजे क्लार्कशिप करायची, ती या वर्तुळातच. आई गेल्यापासून बाबा एकटा होता, आणि एकटा असला की जेवण म्हणून नुसती बिस्किटं खायचा.

"मी काय तान्हं बाळ आहे?" आर्विड म्हणाला.

"काल तू मोजे ओव्हनमध्ये वाळवलेस, बाबा."

"वाळले ना?"

वर्तुळाबाहेर तिने एकच अर्ज केला होता, तोही थेट अलास्काला, न्यायाधीश बर्निस हॅलोरन यांच्याकडे. समुद्राचे आणि मासेमारीचे भन्नाट खटले तिथे चालतात म्हणून. बाबाला मात्र तिने सांगितलं, की तो चुकून गेला. मुलाखतही व्हिडिओवर 'सरावासाठी' दिली. त्या सरावात ती इतकी खिदळत होती, की बाबा पुन्हा पुन्हा दारातून डोकावून गेला.

आता पंचाईत अशी, की वकिलीच्या या जगात न्यायाधीशांना कोणी नाही म्हणत नाही. ज्यांनी पहिल्यांदा विचारलं त्यांना तिथल्या तिथे हो म्हणायचं, नाहीतर नाव कायमचं खराब. म्हणून हुशार मुलं हव्या त्या न्यायाधीशांची वाट बघतात आणि तोवर दुसऱ्या कुणाचा फोनच उचलत नाहीत. मारेनची वर्तुळातल्या सेंट पॉलची मुलाखत पुढच्या मंगळवारी होती. आणि त्याआधीच, शुक्रवारी दुपारी अलास्काचा नंबर वाजायला लागला.

मारेन फोनकडे बघत राहिली. तो वाजून थांबला तरी बघत राहिली. बाबाने ते पाहिलं.

"कोणी उचलायचा नाही," तिने बजावलं. मग तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. तिने फोन पिठाच्या डब्यात पुरला आणि गवत कापायला अंगणात गेली. यंत्राच्या घरघरीत काही ऐकू येणार नव्हतं, तोच तर बेत होता.

बेतात सोल्वेग आत्या धरलेली नव्हती. ती सफरचंदाचा गोड 'ॲपल पाय' भाजायला आली, तिने डबा उघडला आणि पीठ वाजायला लागलं. वाजणारा फोन न उचलणं म्हणजे आत्याच्या मते शुद्ध उद्धटपणा. मारेन गवत कापतेय हे सांगून तिने न्यायाधीशबाईंना तिकडच्या थंडीबद्दल विचारलं, ॲपल पायमध्ये साखर किती घालावी यावर थोडा वाद घातला, आणि पोरगी खरंच इतक्या लांब येईल का असं बाईंनी विचारल्यावर फोन भावाच्या हातात दिला. "हे तूच सांग."

कोणी उचलायचा नाही, हे आर्विडला पक्कं आठवत होतं. पण त्याने कुठे उचलला होता? निर्मळ मनाने त्याने फोन कानाला लावला.

मारेन घाम पुसत आत आली, तेव्हा बाबाचा कान पांढराशुभ्र होता आणि तो साल्मन मासा कुठल्या आमिषाला भुलतो हे विचारत होता.

"आली, आली. देतो हं."

"मारेन," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुझे वडील म्हणतात, अर्ज करताना तुझी चूक झाली."

मारेन खुर्चीत बसली.

"म्हणतात, आमच्याकडचा सोडून बाकीचे सगळे चुकून गेले. येतेस का?"

मारेनने बाबाकडे पाहिलं. तो स्वच्छ ओटा पुन्हा पुसत होता.

"येते," ती म्हणाली. नाही म्हणायचं नसतं, हे तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

फोन ठेवल्यावर मात्र तिचे डोळे भरून आले. "तू एकटा काय करशील?"

"बिस्किटं खाईन."

"बाबा."

"अगं, सोल्वेग आहे ना."

"मला कुणी विचारलंय?" आत्या म्हणाली आणि लाटतच राहिली.

संध्याकाळी सेंट पॉलला 'येत नाही' असं कळवून मारेन नकाशाची घडी घालायला आली. टेबलावर दुसराच नकाशा होता, अलास्काचा. बाबाच्या हातात कंपास होता, आणि न्यायाधीशबाईंच्या अँकरेज शहराभोवती एक मोठं वर्तुळ.

"हे काय?"

"तीन तासांत कुठे कुठे मासे मिळतात, ते बघतोय."

मारेन नुसती हसत उभी राहिली. बाबाने चष्मा नाकावर खाली घेतला.

"चुकून काढलं गेलं," तो म्हणाला.