सामोपचाराने निकाली

तेलगावच्या सुरेखाबाईंना दुसरे लग्न करायचे होते आणि त्यासाठी पहिले संपल्याचा कागद हवा होता. मागणी रास्त होती. विवाह नोंदणी कार्यालयाने ती लेखी केली होती, त्यामुळे ती अधिकच रास्त होती.

पहिले लग्न संपून दहा-अकरा वर्षे झाली होती. सुरेखाबाई आणि प्रविण यांचे पटले नाही. दोघांनी मिळून अर्ज केला, न्यायालयाने हुकूमनामा दिला आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. प्रविणने चौसाळ्याला पाइप-मोटारींचे दुकान टाकले, योगिताशी लग्न केले, त्यांना एक मुलगी झाली. सुरेखाबाईंनी तेलगावात केसरबाईंच्या गाळ्यात शिवणकाम सुरू केले. हुकूमनाम्याची आपली नक्कल त्यांनी मध्यंतरी एकट्या महिलांसाठीच्या एका योजनेच्या अर्जाला जोडली होती. पुढे ती योजना बंद झाली आणि जोडलेल्या कागदांसह बंद झाली. प्रविणने नक्कल घेतलीच नव्हती. "फारकत झाली हे मला ठाऊक व्हतं," तो म्हणाला, "कागद कशापायी घेऊ?"

नियोजित वर उत्तरेश्वर हा वायरमन होता. बायको वारून बरीच वर्षे झाली होती. तो प्रथम पँटची चेन बदलायला दुकानात आला आणि नंतर ज्या कपड्यांना काहीही झाले नव्हते तेही घेऊन येऊ लागला.

सुरेखाबाई आणि उत्तरेश्वर जिल्ह्यातल्या ज्या न्यायालयात गेले त्याचे नाव येथे घेतलेले नाही. न्यायालयाबद्दलचा आदर हे त्याचे एक कारण आहे.

"फाईल आहे," नक्कल विभागाचे कारकून म्हणाले. सुरेखाबाईंचा चेहरा उजळला. "आपल्याकडं काही गहाळ होत नाही. घटस्फोटाचे हुकूमनामे कायम जतन करायचे असतात. तुमचाही केलेला आहे."

"मंग नक्कल द्या की साहेब."

"तो जुन्या अभिलेख कक्षात आहे. ती इमारत धोकादायक जाहीर झाली. आत जायला मनाई आहे."

"तर कागद बाहीर काढा."

"काढायचेच आहेत. मंजुरीही आली. फक्त कोणत्या फायली हलवायच्या, त्याची यादी जोडायची राहिली आहे."

"मंग जोडा ना!"

"यादी आत आहे," कारकून म्हणाले.

उत्तरेश्वर पुढे झाला. "साहेब, मी जातो आत. खांबावर चढायचंच काम हाय माझं. भिंतीचं काय भ्यायचं?"

कारकुनांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. "तुम्ही फाईल आणाल, मला शंका नाही. पण मनाई असलेल्या जागेतून आलेल्या फाईलची नक्कल खरी आहे, असा शिक्का मी कसा मारू?"

दोघे रविराज वकिलांकडे गेले. वकिलांनी सगळे ऐकून घेतले आणि सल्ला दिला की, जुना घटस्फोट शोधण्यापेक्षा नवा घेणे सोयीचे.

"पण आमची फारकत झालेली हाय," सुरेखाबाई म्हणाल्या.

"ते तुम्हाला माहीत आहे. न्यायालयाला कुठं माहीत आहे?"

"न्यायालयानंच दिलती की!"

"तेव्हाच्या न्यायालयानं," वकील म्हणाले. "आत्ताच्या समोर कागद पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा. सहमतीचा अर्ज आहे. भांडण आहे असं चुकूनही म्हणू नका. भांडण असलं तर सहमती कसली?"

प्रविणला विचारले. तो मोठ्या मनाचा निघाला. "तुझं भलं होत असंल तर मी धा बारी फारकत देतो," तो म्हणाला. योगिताने मात्र आपणही येणार असे सांगितले. नवरा एका बाईला सोडत आहे म्हटल्यावर ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढाच तिचा हेतू होता.

अर्ज दाखल झाला. त्यात लिहावे लागले की, अर्जदार हे एकमेकांचे पती-पत्नी आहेत. नसल्यास घटस्फोट मागता येत नाही. दोघांनी सह्या केल्या. अशा रीतीने सुरेखाबाई पुन्हा विवाहित झाल्या, तेही स्वतःच्या सहीने.

नियमाप्रमाणे प्रकरण समुपदेशनाला गेले. समुपदेशक प्रियदर्शनी मॅडम कामाला तत्पर होत्या. त्यांच्या विभागाला जोडपी जुळवण्याचे वार्षिक उद्दिष्ट दिलेले होते आणि मार्च जवळ आला होता.

"वेगळे कधीपासून राहता?"

"दहा-अकरा वर्षं झाली," प्रविण म्हणाला.

"या काळात भांडणं?"

"एक बी न्हाई," सुरेखाबाईंनी वकिलांना स्मरून सांगितले.

"मारहाण? संशय? सासरचा त्रास?"

"काहीच न्हाई मॅडम. ते त्यांच्या घरी, मी माझ्या."

मॅडमनी पेन खाली ठेवले. दहा वर्षांत एकही भांडण न झालेले जोडपे त्यांनी संपूर्ण नोकरीत पाहिले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घरीही नव्हते. "आज कसे आलात?"

"एकाच जीपमधी," प्रविण म्हणाला. "वाटंत च्या घेतला. हिनंच पाजला."

मॅडमनी पेन पुन्हा उचलले आणि त्या लिहीत राहिल्या. सुरेखाबाईंना वाटले, काम पुढे सरकत आहे. ते खरेच सरकत होते.

तेव्हा योगिता, कडेवर मुलगी घेऊन, दारातून म्हणाली, "मॅडम, मी यांची बायको हाय. आता संपवा की लवकर. लेकरू भुकेजलंय."

"लग्नाची नोंद?" मॅडमनी विचारले.

नोंद नव्हती. ती करायला गेले तेव्हा पहिल्या लग्नाचा कागद मागितला होता, म्हणून ती राहून गेली होती. मॅडमनी मान हलवली. दहा वर्षांचा सुखी संसार का मोडत आहे, याचे कारण एकाएकी त्यांच्यासमोर उभे होते. त्यांनी रकान्यात लिहिले : 'बाहेरच्या स्त्रीचा हस्तक्षेप.' त्याच्या खाली लिहिले : 'अपत्य – एक.'

"एकमेकांबद्दल तक्रार नाही, असं दोघंही म्हणता ना?"

"न्हाई," दोघे म्हणाले.

"मग इथं सही करा. आणि साक्षीला कोणी हितचिंतक आहे का?"

बाहेर जीपपाशी उभ्या उत्तरेश्वरला बोलावण्यात आले. त्याने जमेल तितक्या सुंदर अक्षरात सही केली. काय लिहिले आहे ते त्याने वाचले नाही. सरकारी कागद पूर्ण वाचणे हा अविश्वास दाखवण्याचा प्रकार आहे, असे त्याला वाटे.

लोकअदालतीच्या दिवशी चौघांना मुलीसह बोलावले. मंडप होता, खुर्च्यांना पांढरी कापडे होती. सुरेखाबाई नवी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, कारण आज नक्कल मिळणार होती. नाव पुकारल्यावर त्या प्रविणसह मंचावर गेल्या. कोणीतरी त्यांच्या हातात हार दिला आणि प्रविणच्या गळ्यात घालायला सांगितले.

"हे कशापायी?" त्या म्हणाल्या.

"मोडलेला संसार जुळल्याबद्दल," ध्वनिक्षेपक म्हणाला.

"कुणाचा? आमची फारकत झालीय वो! मला दुसऱ्याशी लगीन करायचंय! त्यो बघा, त्यो तिथं बसलाय!" सुरेखाबाईंच्या डोळ्यांतून संतापाने पाणी आले. हार घातला जाण्याऐवजी खाली पडला, तो एका शिपायाने उचलून प्रविणच्या गळ्यात घातला.

"ताईंना भावना अनावर झाल्या आहेत," ध्वनिक्षेपकाने सांगितले. टाळ्या झाल्या.

"फोटोत लेकरू पाहिजे," छायाचित्रकार ओरडला. कोणीतरी योगिताच्या कडेवरून मुलगी उचलली आणि सुरेखाबाईंच्या हातात दिली. योगिता हात पुढे करून धावली. तेवढ्यात फोटो निघाला.

जुन्या हुकूमनाम्याची नक्कल आजही निघालेली नाही. संसार जुळल्याच्या या आदेशाची मात्र त्याच दिवशी मिळाली. शिवाय तो संकेतस्थळावर चढला. विवाह नोंदणीच्या साहेबांनी तो बसल्या जागी मोबाइलवर उघडून सुरेखाबाईंना दाखवला. "बाई, तुम्ही विवाहित आहात. जगाला दिसतंय. दुसरं लग्न केलंत तर गुन्हा होईल."

आदेश रद्द करता येतो का, हे रविराज वकिलांना विचारले. करता येतो, ते म्हणाले. फक्त आधीच घटस्फोट झाला होता, हे दाखवावे लागेल.

चार दिवसांनी योगिता तेलगावला दुकानात आली. मुलगी खांद्यावर झोपली होती. "ताई," ती म्हणाली, "अंगणवाडीत पोरीचं नाव घालायला गेलते. कोर्टाच्या त्या आदेशावरून आईच्या जागी तुमचं नाव निघालं. आता मी कोण?"

सुरेखाबाईंनी मशीन थांबवली. "तू माझी सवत झालीस, योगिता," त्या म्हणाल्या, "अन् मी तुझी. आपल्याला कुणी इचारलं बी न्हाई." मग त्या उठल्या, मुलीला अलगद गादीवर निजवले, आणि दोघी शेजारी बसून रडल्या.

उत्तरेश्वर अजूनही दुकानात येतो. आता त्याची मोटारसायकल बाहेर दिसली की, गल्लीतले लोक थांबून पाहतात. पूर्वी पाहत नसत. पूर्वी आत एक एकटी बाई होती. आता ती नवरा-लेकरू असलेली बाई आहे.

परवा केसरबाई आल्या. गाळा रिकामा कर म्हणाल्या. "देवासारखा नवरा परत मिळाला, कोर्टानं पदरात घातला, अन् तरी तुझे हे धंदे? मी खपवून घेणार न्हाई."

"मावशी, तुमाला कुणी सांगितलं?"

केसरबाईंनी मोबाइल पुढे केला. वर्तमानपत्रातला फोटो होता. हार घातलेला प्रविण, कडेवर लेकरू घेतलेल्या सुरेखाबाई, डोळ्यांत आनंदाश्रू. कडेला कुणा बाईचा हात आलेला, आशीर्वादासाठी उंचावल्यासारखा. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रे आणि फुले टाकली होती.

फोटोच्या वर बारीक अक्षरात लिहिले होते, 'अनेकदा पुढे पाठवलेला'. त्या अनेकांत आपण नव्हतो, असे दाखवायला वाचकहो, तुमच्याकडे काही कागद आहे का?